काळी चार

मला पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायला लागून आता दीड वर्ष होत आलं. बरेच दिवस मनात होतं की हे एकदा सगळं लिहून काढावं, कारण खेड्यातल्या कितीतरी बायांच्या मनात असं काहीतरी शिकायचं असतं आणि मग वय झालं, वेळ कुठे आहे, लोक काय म्हणतील, यातच ते राहून जातं. मी सुरुवात केली तेव्हा माझं वय ३९. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, दोन पोरं, सासूबाई, एक म्हैस. संगीताशी संबंध म्हणाल तर शाळेतली प्रार्थना आणि लग्नानंतर गावातलं महिला भजन मंडळ, तेही टाळ वाजवण्यापुरतं.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात. मोझरी जवळच, तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम तिथलाच. महाराज १९६८ मध्ये गेले पण आमच्या पट्ट्यात अजूनही कितीतरी घरी खुंटीला खंजिरी टांगलेली दिसते आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना बऱ्याच गावांत चालते. त्यामुळे भजन म्हणजे आमच्याकडे काही वेगळं शिकायची गोष्ट नसते, ती अशीच अंगात येते. पण पेटी तशी अंगात येत नाही, ती कोणाकडून तरी शिकावीच लागते.

आमच्या मंडळात १४ जणी. ढोलक एक मावशी वाजवते, खंजिरीवर दोघी, बाकी टाळ. पेटीला मात्र वीस-बावीस वर्षांपासून गावातले एक काका यायचे. माणूस फार चांगला, कधी पैसा मागितला नाही, रात्री बारा वाजले तरी कुरकुर नाही. मग त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला, आणि पेटी बंद. दोन-तीन महिने आम्ही नुसत्या टाळ-ढोलकावर भागवलं. एका घरी तेरवीचं भजन होतं, तिथं एकीनं भजन उचललं ते फारच वरून, दुसरीनं खालून धरलं, तिसरी मधेच कुठेतरी, आणि मागच्या पाचसहा जणी गप्पच बसल्या. लोक काही बोलले नाहीत, दुःखाचं घर होतं ते, पण आम्हाला सगळ्यांना कसंतरीच झालं. परत येताना रस्त्यात ढोलकवाल्या मावशीनं माझा हात धरला, बॅटरीच्या उजेडात माझी बोटं पाहिली आणि म्हणे, "तू घे शिकून पेटी. तुये बोटं लांब हायेत."

मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध काढता काढता म्हणतात, "देवळातली पेटी आणून तं पाय. उंदरानं खाल्ली नसन तं."

उंदरानं खाल्लीच होती. भात्याच्या घड्यांना दोन जागी भोकं, तीन पट्ट्या खाली बसलेल्या, आतून वास. पण लाकूड चांगलं होतं, सागाचं. आमच्या ह्यांनी ती मोटरसायकलवर मागे दुपट्ट्यानं बांधली आणि अमरावतीला दुरुस्तीला नेली, साडेतीन हजार सांगितले. साडेतीन हजार म्हणजे आषाढात, पेरणी होऊन हातात काही नसताना, खूप होतात. मग बचत गटाच्या मीटिंगमध्ये मावशीनं विषय काढला. एक जण म्हणाली की कर्ज बियाण्याला असतं, दवाखान्याला असतं, पेटीला कसं काय द्यायचं. ती काही चुकीचं बोलत नव्हती. बराच वेळ त्यावर बोलणं झालं आणि शेवटी असं ठरलं की कर्ज माझ्या नावावर घ्यायचं, मी दर महिन्याला भरायचं, आणि पेटी मात्र मंडळाची. माझी जबाबदारी एकच, शिकायचं सोडायचं नाही. खरं सांगते, त्या दिवशी सही करताना मला बियाण्याच्या कर्जापेक्षा जास्त भीती वाटली.

गुरुजी पाच किलोमीटरवरच्या गावात राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. बुधवारी तिथं बाजार असतो, तर मी भाजी-किराणा आणायला जायचेच, त्यातच एक तास. पहिल्या दिवशी फीचं विचारलं तर म्हणाले, "दीडशे रुपये महिना घेईन बाई. फुकट शिकवलं की माणूस दोन महिन्यांत येणं सोडतो."

पहिले तीन बुधवार त्यांनी मला फक्त भाता शिकवला. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी सा रे ग म होईल. उजव्या हाताचं एक बोट एका पट्टीवर ठेवायचं आणि डाव्या हातानं भाता असा हलवायचा की सूर ना थरथरला पाहिजे ना मधेच खाली बसला पाहिजे. नवा माणूस भाता आपटतो, धाप लागल्यासारखा, आणि सूर पण मग तसाच धापा टाकत येतो. थोडा उघडायचा, हळू दाबायचा, हवा संपायच्या आधीच परत उघडायचा. आणि तेही ओळ तुटणार नाही अशा जागी. गुरुजी म्हणायचे गाणारा जिथं श्वास घेतो तिथं तू हवा घे. मी घरी चुलीपुढं बसून नुसता डावा हात हलवत राहायचे, पोरगी विचारायची आई काय करते व.

मग त्यांनी मला सा दिला तो काळी तीनचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेटीवर पट्ट्यांची मोजणी अशी की एका सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या, आणि त्यांना नंबरानंच बोलतात, काळी एक, पांढरी चार, असं. तर काळी तीनला सा धरला की भूप रागाचे पाचही सूर, सा रे ग प ध, हे काळ्या पट्ट्यांवरच येतात. पांढरीला हातच लावायचा नाही. म्हणजे नवशिक्याचं बोट चुकून दुसऱ्या काळीवर गेलं तरी ते भूपातच राहतं, कानाला खुपत नाही. किती साधी युक्ती, पण तिनं मला तारलं. पहिल्या महिन्यातच काहीतरी गोड वाजायला लागलं आणि त्या गोडीवरच मी पुढचे सहा महिने काढले.

घरचा वेळ कसा निघाला ते सांगितलंच पाहिजे कारण सगळ्यात अवघड तेच असतं. संध्याकाळी शेतातून आल्यावर पाणी, म्हैस, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, आणि नऊला डोळे मिटायला लागतात. सासूबाईंनी एक दिवस परात माझ्या हातातून ओढून घेतली. "तू वाजव. भाकरी मी टाकतो." बस, एवढंच. त्या दिवसापासून आठ ते साडेआठ माझं पेटीचं, आणि त्यांच्या भाकरी थापण्याचा आवाज माझा ठेका. त्यांचं वय ७१, मांडी घालून चुलीपुढं बसणं त्यांनाही सोपं नव्हतं. मी नको म्हटलं तर म्हणत, तू तिकडं लक्ष दे.

खेड्यात आणखी एक गोष्ट असते, इथं कोणी एकटं शिकत नाही. भिंतीला भिंत, सगळ्या गल्लीला ऐकू जातं. सुरुवातीला मला त्याची फार लाज वाटायची, दार लावून, खिडकीत गोधडी घालून बसायचे. मग एक दिवस पोराला ताप होता म्हणून बसले नाही, तर दुसऱ्या दिवशी समोरच्या घरचे आजोबा ओट्यावरून विचारतात, "काल पेटी बंद काऊन होती?" त्यांना झोप त्यावरच लागते म्हणे. मी खिडकीतली गोधडी काढून टाकली.

कापूस वेचणीत मात्र जीव मेटाकुटीला आला. वेचताना फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोकं बोटाला टोचतात, नखाच्या बाजूची कातडी निघते, आणि दिवसभर तेच केल्यावर रात्री पट्टीवर बोट ठेवलं की चुरचुरतं. ह्यांनी तेव्हा कुठून तरी बोरोलीन आणून दिलं. हे तोंडानं कधी छान वाजवलंस म्हणाले नाहीत, अजूनही म्हणत नाहीत, पण पेटी कुठेही न्यायची असली की दुपट्टा खांद्यावर टाकून आधीच उभे असतात.

माझा मुलगा नववीत. त्यानं हौसेनं प्रत्येक पट्टीवर कागदाचे छोटे तुकडे चिकटवले, सा, रे, ग असं लिहून, मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं त्यानं. मला फार आवडलं, सोपं झालं. बुधवारी गुरुजी स्वतः आमच्या गावी आले होते एका कामानं, त्यांनी ते पाहिलं आणि नखानं एकेक करून सगळे काढून टाकले. पोराचं तोंड पडलं. मग गुरुजींनीच त्याला जवळ बसवून समजावलं, "बेटा, सा काही एका पट्टीवर राहायला आलेला नसतो. गाणारा जिथं असेल तिथं सा. आज इथं, उद्या तिथं." तेव्हा मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता.

गुरुजींकडं पेटीच्या गोष्टी खूप. ही मुळात आपली नाहीच, युरोपातून आली, पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं, तिकडे ती पायानं चालवायची, टेबलासारखी मोठी. जमिनीवर बसून हातानं भाता मारायची पेटी कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी बनवली आणि मग ती भारतभर पसरली. आणि हिला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती, कारण काय तर हिचे सूर ठोकळ्यासारखे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणजे मींड नाही. मला हे ऐकून आश्चर्यच वाटलं. ज्या काळात रेडिओवर पेटी चालत नव्हती त्या काळात आमच्या गावच्या देवळात ती चालत होती, ही सागाची पेटी त्याच काळातली असावी असं गुरुजींना वाटतं.

आता लिंटची, म्हणजे कापसाच्या तंतूची गोष्ट. जानेवारीत भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला होता, आमच्याकडे सगळेच ठेवतात, एक खोली छतापर्यंत भरते आणि माणसं ओसरीत झोपतात. पेटी त्याच खोलीत कोपऱ्यात. एक दिवस भाता दिला तर मधल्या सप्तकातली काळी पाच मुकी. दाबली जाते पण आवाज नाही, नुसती हवा फुसफुसते. मला वाटलं गेली, संपली, गटाचे पैसे पाण्यात. बुधवारी ह्यांनी मोटरसायकलवर नेली. गुरुजींनी वरची झाकणं काढली, पट्ट्यांची फळी सोडवली, आणि मी पहिल्यांदा आतलं पाहिलं. पितळेच्या बारीक बारीक पट्ट्यांची रांग, एका बाजूला जाड लांब आणि दुसरीकडे जाता जाता नखाएवढ्या लहान. प्रत्येकीला एक जीभ, आणि ती जीभ हवेनं थरथरते तोच आपला सूर. काळी पाचच्या जिभेखाली कापसाचा एक तंतू अडकला होता, इतका बारीक की खिडकीच्या उजेडात तिरपं धरल्यावरच दिसला. गुरुजींनी ब्लेडच्या टोकानं जीभ अगदी केसभर वर उचलली, खालून पातळ कागद सरकवला आणि तंतू बाहेर ओढून माझ्या तळहातावर ठेवला. जीभ वाकली की सूर बदलतो म्हणून हात जराही हलू द्यायचा नाही. घरी येऊन पेटीला जुन्या लुगड्याची दुहेरी खोळ शिवली, तेव्हापासून ती देव्हाऱ्याशेजारी असते.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

सातव्या-आठव्या महिन्यात मंडळासोबत वाजवायला बसले. काकांची जुनी वही मावशीकडे होती, त्यात प्रत्येक भजनापुढे त्यांच्या अक्षरात "काळी १" लिहिलेलं. मी तेच धरलं. धृपद ठीक गेलं, अंतऱ्याला सगळ्या वर चढल्या आणि नेहमीसारखं झालं, चार जणी ओरडल्यासारख्या, दोघींचा आवाज फाटला, बाकी नुसते ओठ हलवत बसल्या. आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमचं असंच होतं, वर्षानुवर्षं. बायांचे गळे शेतात ओरडून ओरडून खराब झालेत असं आम्हीच म्हणायचो.

गुरुजींना मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं. मग विचारलं, "ही पट्टी कोणाची?" पट्टी म्हणजे इथं सा जिथं धरला ती जागा.

मी म्हटलं मंडळाची.

"नाही. ही त्या काकांची पट्टी. तुमची कोणती?"

मला उत्तर देताच आलं नाही. ते म्हणाले काळी एक ही बहुतेक पुरुषांना सोयीची पडते, ते स्वतः गाऊन वाजवायचे म्हणून त्यांनी ती धरली, त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पण बायांना त्याच पट्टीत अंतरा झेपणार कसा, वरचा सा आभाळात जातो. त्यांनी मला काम दिलं. एकेकीला जवळ बसवायचं, एक ओळ गायला लावायची, आणि कुठल्या सापासून ती ना खाली दबते ना वर फाटते ते लिहून आणायचं.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. देवळात पोतं अंथरून बसलो, मी पेटीवर आणि एकेक जण समोर येऊन. बऱ्याच जणी लाजल्या, एकटीनं गायची सवयच नाही कोणाला. वहीत लिहीत गेले. नऊ जणींचं काळी चार. तिघींचं काळी पाच. एका आजीचा आवाज भारी, तिला पांढरी चार. राहिली मी, तर माझंही काळी चारच. खालचा प काही जणींना नीट लागेना पण आमच्या भजनांत तेवढं खाली फारसं जावं लागत नाही.

आता काळी चारवर यायचं म्हणजे माझी सगळी बोटं नव्यानं बसवायची. काळी तीनवर सगळा भूप काळ्या पट्ट्यांवर होता, इथं सा काळी चार, रे काळी पाच, पण ग येतो पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकवर, प काळी दोन आणि ध पांढरी चारवर. म्हणजे बोट खाली उतरायचं, परत वर चढायचं. पट्टी सरकवता येते अशी स्केल चेंजर पेटी मिळते, पण ती आमच्या आवाक्यातली नाही. दीड महिना लागला. दोनदा रडले. सासूबाई भाकरी थापता थापता नुसतं म्हणायच्या, "आज कालच्यापरीस बरं वाजलं." त्यांना खरंच तसं वाटायचं की माझ्यासाठी म्हणायच्या, मी कधी विचारलं नाही.

मग होळीच्या आधी मंडळ परत बसलं. मी काळी चार धरली. धृपद झालं, अंतऱ्याची ओळ आली, आणि मावशीनं सवयीनं गळ्याच्या शिरा ताणून तोंड उघडलं, आणि तेवढं ताणायची गरजच नव्हती. तिचा आवाज आरामात वर गेला. तिचा ढोलकावरचा हातच थांबला. मागून त्या पाचसहा जणींचा आवाज आला ज्यांचा मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकलाच नव्हता. १४ आवाज एका जागी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळ्या पुढं गात होत्या.

सासूबाई देवळाच्या दारात बसल्या होत्या. त्या मंडळात पूर्वी होत्या, बारा-तेरा वर्षांपूर्वी सोडलं. त्या आत येऊन बसल्या आणि तिसऱ्या भजनाला गायला लागल्या. घरी आल्यावर पाणी पिता पिता म्हणाल्या, "मले वाटे माया गळाच गेला. म्हणून मी बंद केलतं." आणि परत भाकरीच्या तयारीला लागल्या. त्या रात्री भाकरी मी केल्या.

काकांना पुण्याला व्हिडिओ कॉल लावला होता एकदा, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमातून. मोझरीला मौन श्रद्धांजलीची वेळ ४ वाजून ५८ मिनिटं, आमच्याही गावी तीच वेळ पाळतात, सगळं गाव जागच्या जागी उभं राहतं, गाड्यासुद्धा थांबतात. ते झाल्यावर रात्री आमचं भजन होतं. काकांनी फोन कानाला लावूनच सगळं ऐकलं, स्क्रीनवर नुसता त्यांचा कान दिसत होता. संपल्यावर विचारलं, "पट्टी कोणती घेतली बाई?" मी सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी एवढी वर्षं वाजवली, पण तुम्हाला विचारलं नाही कधी." मी म्हटलं काका, आम्हाला तरी कुठे माहीत होतं. त्यांनीच वीस वर्षं हे भजन जिवंत ठेवलं नसतं तर आज पट्टी शोधायला मंडळच उरलं नसतं, हे मी त्यांना तेव्हा नीट सांगू शकले नाही, फोनवर आवाज फार होता, म्हणून इथं लिहिते.

गटाचं कर्ज दिवाळीत फिटलं. शेवटचा हप्ता ज्या बाईनं आधी हरकत घेतली होती तिनंच मोजून घेतला, आणि तिची पोरगी आता शनिवारी माझ्याकडे भाता शिकायला येते, सातवीत आहे. तीन आठवडे झाले, अजून तिला एकच पट्टी दिली आहे, ती कंटाळते, मी देत नाही. माझं स्वतःचं भैरवीवर अडलंय, चार कोमल सूर आणि काळी चारचा सा, बोटं अजून शोधत शोधत जातात. गुरुजी म्हणाले कार्तिकातल्या काकड आरतीच्या आत बसवू. या बुधवारी बाजारात जायचं आहे, पेटी ह्यांनी ओट्यावर काढून ठेवली आहे.